रॉकेलवाला वाट सांगतो

नकाशा आधी घडी घालून खिशात टाक.
नकाशात नागासाकी सपाट दिसतं,
कागदाला कुठे दम लागतो?
ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतर,
मासळीच्या दुकानापाशी रस्ता हात टेकतो
आणि पायऱ्या सुरू होतात.
मोटार इथवरच. सायकलचं नावच नको;
आमच्यात सत्तरीचे म्हातारे आहेत ज्यांना सायकल येत नाही,
आणि लाज कुणालाच वाटत नाही.

पायऱ्या मोजू नकोस.
मी मोजल्या, एकेचाळीस हिवाळे,
पाठीवर अठरा लिटरचा लाल डबा,
आणि दर वर्षी आकडा निराळा आला.
आम्ही घरं मोजतो:
भाजक्या माशाचं घर,
पियानोत एकाच जागी अडखळणारं घर,
मग फुकाहोरी न्हावी, ज्याच्या दारात बाक आहे.
तिथे दम खा.
केस कापायचे नसले तरी तो बस म्हणेल,
कापायचे असले तरी आधी बसच म्हणेल.

कठड्याचं लोखंड मध्येच गुळगुळीत लागेल.
तुझ्याआधी सगळ्यांना नेमकी तिथेच धाप लागली.

पुढे वाट थडग्यांमधून जाते, बिचकू नकोस.
गावातली सगळ्यात चांगली जागा त्यांची,
समोर अख्खं बंदर, नावं सोनेरी अक्षरांत.
ऑगस्टात आम्ही कंदील लावून इथेच डबे सोडतो,
पोरं फटाके फोडतात आजोबांच्या कानाशी.
मेलेल्यांना शांतता हवी असते असं तुमच्याकडे म्हणतात.
आमच्याकडे म्हणतात, त्यांना जरा कमी ऐकू येतं.

कुणी कास्तेला दिला तर खालची जाडी साखर
शेवटच्या घासाला ठेव.
गोड कमी पडलं की माझी आई म्हणायची,
आज नागासाकी लांबच राहिलं.

त्या दिवसाबद्दल विचारायचं असेल तर खाली विचार,
संग्रहालयात, तिथे सांगणारे आहेत.
वर लोक धुणं वाळत घालत असतात.
मी एवढंच सांगतो:
मधल्या डोंगराने आमची बाजू झाकली.
म्हणून चढाला शिव्या देतो,
पण जपून देतो.

संध्याकाळी सगळे पाहुणे इनासाच्या डोंगरावर जातात,
पाळण्यातून. तूही जा, पैसे वसूल होतात.
दिवे सांडल्यासारखे दिसतील.
फक्त ध्यानात ठेव, प्रत्येक दिव्यामागे एक शेगडी असते
आणि शेगडीपर्यंत डबा आपणहून चढत नाही.
मी तिथे गेलो की मला
मधले काळे ठिपके आधी दिसतात.
हा निशिदांचा. हा जुळ्या पोरींचा.
तो उंचावरचा, पाण्याच्या टाकीशेजारचा,
शिझुए उराकावा बाईंचा.

बाई दोरीला बांधून टोपली खाली सोडायच्या:
मोजून पैसे, आणि मोसमात तीन बिवाची फळं,
म्हणजे शेवटच्या तीस पायऱ्यांना एकेक दहाला.
परवाच्या वसंतात मुलगा त्यांना ओसाकाला घेऊन गेला,
नवव्या मजल्यावर.
फोनवर म्हणाल्या, इथे लिफ्ट चढते, लिफ्टच उतरते,
मी आपली नुसती उभी.

किल्ली माझ्याकडे आहे.
डबा आता नेत नाही, गुडघ्यांनी राजीनामा दिला,
तरी मंगळवारी जाऊन खिडक्या उघडतो.
वाकड्या शेपटीची एक मांजर आत येते,
घर विकत घ्यायचं असल्यासारखी सगळं बघते आणि जाते.

त्या खिडकीतून बंदर दिसतं,
गोदीत अर्धवट उभं जहाज, ठिणग्या,
आणि भोंगा वाजला की
आवाज आधी काचेला कळतो, मग आपल्याला.
हे कुठल्या यादीत नाही.

मंगळवारी ये, चारच्या सुमारास.
जोडे दाराबाहेर काढ.
चहा मी करीन,
नळ बंद केलाय,
पाणी तेवढं खालून घेऊन ये.